निवेदकाचा व्यवसाय : एक अभ्यास

मुंबई दूरदर्शन केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या दूरचित्रवाणीचे हे देशातील दुसरे केंद्र होय. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९७३ मध्ये, सिंहगडावरील सहक्षेपण केंद्र कार्यान्वित झाले आणि पुणे परिसरातही मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. संच थोडे, चित्र कृष्णधवल आणि प्रक्षेपणाचे तास मोजके, अशी ती सुरुवात होती. ज्या घरी संच असे तेथे सायंकाळी शेजारपाजाऱ्यांची दाटी होत असे.

या केंद्राबरोबर महाराष्ट्रात एक नवा व्यवसायही उदयास आला. तो म्हणजे दूरचित्रवाणीवरील निवेदकाचा. आकाशवाणीचा निवेदक श्रोत्यांना केवळ आवाजाने परिचित होता. दूरदर्शनचा निवेदक चेहऱ्याने, वेशभूषेने आणि हावभावांनीही परिचित झाला. तो घरातल्या बैठकीत येऊन बोलू लागला. त्यामुळे त्याच्याविषयी प्रेक्षकांच्या मनात एक प्रकारची आपुलकी आणि त्याचबरोबर काही अपेक्षाही निर्माण झाल्या.

आज हे काम केवळ दूरचित्रवाणीच्या कलागृहापुरते राहिलेले नाही. शाळेचे स्नेहसंमेलन, प्रजासत्ताक दिनाचा समारंभ, कृषी मेळावा, बचत गटांचे संमेलन, ग्रामसभा, यांपैकी प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ध्वनिक्षेपक हाती घेऊन उभे राहते आणि कार्यक्रम पुढे नेते. बहुतेक वेळा ही जबाबदारी शिक्षकांवर, ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांवर किंवा एखाद्या उत्साही पंचायत सदस्यावर येते. तिचे रीतसर शिक्षण मात्र फारच थोड्यांना मिळालेले असते. म्हणून एका यशस्वी निवेदिकेच्या कारकीर्दीचा अभ्यास करून त्यातून आपल्या दैनंदिन कामासाठी काय घेता येईल, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

कामाचे चार प्रकार

'निवेदक' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. वस्तुतः त्यात चार भिन्न कामे येतात. आता कोणता कार्यक्रम सादर होणार, हे सांगणारा तो उद्घोषक. दुसऱ्याने लिहिलेले वृत्त अचूक आणि तटस्थपणे वाचणारा तो वृत्तनिवेदक. समोरच्या व्यक्तीला प्रश्न विचारून तिच्याकडून माहिती आणि अनुभव काढून घेणारा तो मुलाखतकार. आणि अनेक वक्ते, कलावंत व पाहुणे यांचा सहभाग असलेला कार्यक्रम एका धाग्यात ओवणारा तो सूत्रसंचालक.

यांपैकी शेवटचा शब्द आपल्याला जुन्या परंपरेशी जोडतो. संस्कृत नाटकातील सूत्रधार नाटकाचा आरंभ करून प्रेक्षकांचे मन विषयाकडे वळवीत असे. तमाशातील सोंगाड्या प्रसंग आणि प्रेक्षक यांच्यातील अंतर आपल्या हजरजबाबीपणाने कमी करतो. कीर्तनकार पूर्वरंग आणि उत्तररंग यांची सांगड घालताना श्रोत्यांच्या ध्यानाची नाडी सतत तपासत असतो. तात्पर्य, जमलेल्या लोकांना एका विषयाभोवती बांधून ठेवण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. तिला यंत्राची जोड मिळाली, इतकेच.

एक कारकीर्द

मुंबई दूरदर्शन केंद्राच्या अगदी आरंभीच्या कार्यक्रमांपैकी 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा हिंदी कार्यक्रम १९७२ मध्ये सुरू झाला आणि १९९३ पर्यंत चालला. चित्रपटसृष्टीतील कलावंतांशी गप्पा असे त्याचे स्वरूप होते. भारतीय दूरचित्रवाणीवरील गप्पांच्या कार्यक्रमांचा आरंभ म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. एकवीस वर्षे या कार्यक्रमाची धुरा तबस्सुम यांनी वाहिली.

तबस्सुम यांचा जन्म ९ जुलै १९४४ रोजी मुंबईत झाला. वडील अयोध्यानाथ सचदेव आणि आई असगरी बेगम हे दोघेही स्वातंत्र्यसैनिक होते. आई पत्रकार आणि लेखिकाही होती. कन्येच्या नामकरणात या दांपत्याने एक सुंदर गोष्ट केली. पत्नीच्या धर्माचा मान राखून वडिलांनी मुलीचे नाव 'तबस्सुम' ठेवले, तर पतीच्या धर्माचा मान राखून आईने तिला 'किरणबाला' हे नाव दिले. तबस्सुम या शब्दाचा अर्थ स्मितहास्य असा आहे. पुढे त्यांचे मनमोकळे हास्य हीच त्यांची ओळख ठरावी, हा योगायोगच म्हणावा लागेल.

१९४७ च्या सुमारास, वयाच्या तिसऱ्या वर्षीच, त्या बालकलाकार म्हणून पडद्यावर आल्या आणि 'बेबी तबस्सुम' या नावाने परिचित झाल्या. १९५१ च्या 'दीदार'मध्ये नर्गिस यांच्या, तर १९५२ च्या 'बैजू बावरा'मध्ये मीनाकुमारी यांच्या बालपणीची भूमिका त्यांनी केली. बालकलाकारांच्या वाट्याला येणारी अडचण त्यांच्याही वाट्याला आली असणार. लहानपणीची प्रसिद्धी मोठेपणी टिकतेच असे नाही. पण कॅमेऱ्यापुढे संकोच न वाटणे, ध्वनिमुद्रणाची शिस्त समजणे आणि कलावंतांच्या जगाशी घरोबा असणे, ही शिदोरी त्यांना बालपणीच मिळाली. दूरदर्शनच्या कार्यक्रमात ती उपयोगी पडली. समोर बसलेले कलावंत त्यांना परके नव्हते, आणि त्या स्वतः कलावंतांना परक्या नव्हत्या.

याच काळात त्यांनी इतर क्षेत्रांतही काम केले. रंगमंचावरील समारंभांचे सूत्रसंचालन त्यांनी दीर्घकाळ केले. 'गृहलक्ष्मी' या हिंदी महिला मासिकाचे संपादन त्यांनी सुमारे पंधरा वर्षे सांभाळले. १९८५ मध्ये 'तुम पर हम क़ुर्बान' या चित्रपटाचे दिग्दर्शन केले. उतारवयात माध्यमे बदलली तेव्हा त्यांनी 'तबस्सुम टॉकीज' या नावाने यूट्यूबवर जुन्या चित्रपटांच्या आणि कलावंतांच्या आठवणी सांगण्यास आरंभ केला. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

कृष्णधवल चित्रपट, मासिकाची पाने, रंगमंच, दूरदर्शन आणि शेवटी भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील चित्रफिती, असा हा पंच्याहत्तर वर्षांचा प्रवास आहे. माध्यमे पाच झाली. काम मात्र एकच राहिले. ते म्हणजे लोकांशी आपलेपणाने बोलणे.

यशाचे मर्म

या कारकीर्दीतून पहिली शिकवण मिळते ती अशी की, मुलाखतकाराचे यश त्याच्या स्वतःच्या बोलण्यात नसून समोरच्याच्या बोलण्यात असते. पाहुणा प्रसिद्ध असो वा नवखा, त्याला सुरुवातीला अवघडल्यासारखे होते. त्याचे हे अवघडलेपण घालवणे हे मुलाखतकाराचे पहिले कर्तव्य होय. हास्य, परिचयाचा एखादा धागा, घरगुती चौकशी यांनी ते साधते. धाक दाखवून किंवा विद्वत्ता दाखवून साधत नाही.

दुसरी शिकवण प्रश्नांच्या रचनेविषयी आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात संपते, तो प्रश्न संभाषण थांबवतो. उदाहरणार्थ, पाणीपुरवठ्याविषयी बोलताना "आपणांस पाण्याची अडचण आहे का?" असे विचारले तर "आहे" एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी "काल नळाला पाणी किती वाजता आले? किती हंडे भरले? उरलेले कोठून आणले?" असे विचारले तर माणूस सविस्तर सांगू लागतो आणि त्याच्या सांगण्यातून कामाची माहिती हाती येते. चित्रपट कलावंताची मुलाखत असो वा वस्तीवरील चौकशी, हे तत्त्व एकच आहे.

तिसरी शिकवण मौनाची आहे. प्रश्न विचारल्यावर उत्तर देणारा क्षणभर थांबतो, आठवतो, शब्द जुळवतो. ती शांतता असह्य होऊन अनेक जण स्वतःच उत्तर सुचवितात किंवा पुढचा प्रश्न विचारतात. पुष्कळदा सर्वांत महत्त्वाचे वाक्य त्या शांततेनंतरच येणार असते. ते ऐकण्यासाठी धीर लागतो, आणि हा धीर सरावाने येतो.

मराठी वृत्तनिवेदनाची शिस्त

निवेदनाचे दुसरे अंग म्हणजे वृत्तनिवेदन. मुंबई केंद्रावरील मराठी बातम्यांनी एका पिढीला प्रमाण उच्चारांचा वस्तुपाठ दिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, स्मिता तळवलकर, प्रदीप भिडे ही नावे त्या संदर्भात सहज आठवतात. यांपैकी प्रदीप भिडे यांनी अनेक दशके हे काम निष्ठेने केले. त्यांचे निधन जून २०२२ मध्ये झाले.

वृत्तनिवेदकाचे काम दिसायला सोपे, पण करायला कठीण. व्यक्ती, गाव आणि संस्था यांची नावे बिनचूक उच्चारावी लागतात. वाक्य कोठे तोडावयाचे हे आधी ठरवावे लागते, कारण चुकीच्या जागी घेतलेला श्वास अर्थ बदलू शकतो. दुःखाची बातमी आणि खेळातील विजयाची बातमी पाठोपाठ वाचताना स्वर बदलावा लागतो, परंतु स्वतःचे मत त्या स्वरात डोकावता कामा नये. कलागृहात वेळेचा हिशोब सेकंदांत असतो. कार्यक्रम लांबल्यास ऐनवेळी मजकूर गाळावा लागतो, आणि ही धावपळ प्रेक्षकाला कळू द्यावयाची नसते.

भक्ती बर्वे यांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. स्वच्छ, नेमक्या उच्चारांसाठी नावाजलेल्या या निवेदिकेला रंगभूमीवर अमाप कीर्ती मिळाली ती १९७५ मध्ये आलेल्या 'ती फुलराणी' या नाटकातील मंजुळेच्या भूमिकेमुळे. पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'वरून केलेल्या या नाटकात एक भाषापंडित फुले विकणाऱ्या मुलीला 'शुद्ध' बोलावयास शिकवितो. तिचे बोलणे बदलते. पण तिला माणूस म्हणून मान मिळतो की नाही, हा खरा प्रश्न नाटक विचारते. दोन्ही बोली एकाच अभिनेत्रीच्या जिभेवर सारख्याच तेजाने नांदल्या. निवेदनाच्या अभ्यासकाने हे उदाहरण नित्य डोळ्यांपुढे ठेवावे.

बोली आणि प्रमाण भाषा

कारण येथेच ग्रामीण विद्यार्थ्यांपुढील एक मोठा अडसर आहे. वऱ्हाडातील, मराठवाड्यातील, खानदेशातील किंवा कोकणातील एखादी मुलगी घरी धिटाईने बोलते. परंतु शाळेच्या व्यासपीठावर तिचा उच्चार ऐकून कोणी हसले की ती कायमची गप्प बसते. 'तुझे बोलणे अशुद्ध आहे' हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून सहज निघून जाते. त्याची किंमत मात्र त्या मुलीला पुढे अनेक वर्षे मोजावी लागते. ती मोठी होऊन पंचायत सदस्य होते, तरी सभेत उठून बोलत नाही.

प्रमाण भाषा अवश्य शिकवावी. दूरवरच्या सर्व श्रोत्यांना कळेल असे बोलण्यासाठी ती आवश्यक आहे. पण ती घरच्या बोलीची जागा घेण्यासाठी नसून तिच्या जोडीला दुसरे साधन म्हणून शिकवावी. 'ही चूक आहे' असे म्हणण्याऐवजी 'हे घरी असे म्हणतात, बातम्यांत असे म्हणतात' असे सांगितले तर मूल दोन्ही आनंदाने शिकते.

सोपेपणाचे मोल दाखवणारे आणखी एक उदाहरण मुंबईचेच आहे. विख्यात निवेदक अमीन सयानी (१९३२–२०२४) यांनी १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू केली आणि ते घरोघरी पोहोचले. समारंभांचे सूत्रसंचालक म्हणूनही त्यांनी विपुल काम केले. त्यांच्या भाषेचा पाया कोठे घातला गेला, हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी या प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्या होत्या. महात्मा गांधींच्या प्रेरणेने त्यांनी नवसाक्षरांसाठी 'रहबर' हे नियतकालिक काढले. १९४० ते १९६० या काळात ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, पण एकाच सोप्या हिंदुस्थानी भाषेत निघत असे. या कामात अमीन सयानी आईला हातभार लावीत. नुकतेच वाचू लागलेल्या माणसाला कळेल असे लिहिण्याची ही सवय पुढे लक्षावधी श्रोत्यांना कळेल असे बोलण्याच्या कामी आली. प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालविणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे.

उपजीविकेचा प्रश्न

या व्यवसायाकडे आज असंख्य तरुण आकर्षित होतात. १९९२ मध्ये खाजगी हिंदी वाहिनी आली, १९९४ मध्ये दूरदर्शनची स्वतंत्र मराठी वाहिनी सुरू झाली आणि त्यानंतर मराठी वाहिन्यांची संख्या वाढत गेली. आता तर भ्रमणध्वनी हाती असलेला कोणीही निवेदक होऊ शकतो. अशा वेळी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांनी या व्यवसायाची दुसरी बाजूही त्यांच्यापुढे ठेवणे अगत्याचे आहे.

वर उल्लेखिलेल्या व्यक्तींचा जीवनक्रम पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्यांच्यापैकी अनेकांनी निवेदनाला दुसऱ्या कौशल्याची जोड दिली होती. भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील या समर्थ अभिनेत्री होत्या. स्मिता तळवलकर यांनी सतरा वर्षे वृत्तनिवेदन केले आणि त्यानंतर १९८९ च्या 'कळत नकळत'पासून चित्रपटनिर्मितीत मानाचे स्थान मिळविले. तबस्सुम यांच्याजवळ लेखन आणि संपादन होते. याचे कारण या व्यवसायाच्या स्वरूपातच आहे. येथे मोबदला बहुधा कार्यक्रमागणिक मिळतो. सभासमारंभांचा हंगाम असतो. पावसाळ्यात कामे रोडावतात. कार्यक्रम बंद झाला की त्यावर अवलंबून असलेले उत्पन्नही बंद होते. साथीच्या रोगामुळे २०२० मध्ये समारंभांवर बंदी आली तेव्हा या व्यवसायातील लोकांचे उत्पन्न एकाएकी थांबले, हा अनुभव ताजा आहे.

म्हणून ज्यांना या क्षेत्रात जावयाचे आहे त्यांनी प्रथम आपले शिक्षण पूर्ण करावे, एका विषयाचा पक्का अभ्यास करावा, लेखनाचा सराव ठेवावा आणि किमान दोन भाषा उत्तम बोलाव्यात. काम स्वीकारताना मोबदला, प्रवासखर्च आणि वेळ यांची नोंद लेखी घ्यावी. चेहऱ्याला वय असते, अभ्यासाला नसते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत तबस्सुम यांच्याजवळ सांगण्यासारखे काही होते, हे या संदर्भात विसरता येणार नाही.

ग्रामसभा : ध्वनिक्षेपक कोणाच्या हाती?

आता या अभ्यासाचा आपल्या कामाशी असलेला संबंध पाहू. महाराष्ट्रातील ग्रामपंचायत कायद्यानुसार ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे. पंचायतींतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. कायद्याने बोलण्याचा अधिकार दिला. परंतु बोलण्याची संधी ही सभा कशी चालविली जाते यावर अवलंबून असते.

पुष्कळ ठिकाणी असे दिसते की, ध्वनिक्षेपक एकच असतो आणि तो व्यासपीठावर असतो. वरील मंडळींचे बोलणे सर्वांना ऐकू जाते. खाली बसलेल्या माणसाने प्रश्न विचारला तर तो दोन ओळींपलीकडे पोहोचत नाही. व्यासपीठावरून उत्तर दिले जाते, पण प्रश्न काय होता हेच कोणाला कळलेले नसते. मागे बसलेल्या स्त्रिया आपापसांत बोलतात. ते बोलणे 'गोंगाट' ठरते. ज्या बाबी इतिवृत्तात यावयास हव्यात त्या हवेत विरून जातात.

यावर उपाय अगदी साधे आहेत. शक्य असेल तेथे दुसरा ध्वनिक्षेपक सभासदांमध्ये फिरता ठेवावा. तो नसेल तर सभा चालविणाऱ्याने प्रत्येक प्रश्न स्वतः मोठ्याने पुन्हा उच्चारावा, विचारणाऱ्याला "आपले म्हणणे असेच आहे ना?" असे विचारून खात्री करून घ्यावी आणि मगच उत्तर मागावे. यामुळे प्रश्न सर्वांना कळतो, इतिवृत्त लिहिणाऱ्याला नेमका मजकूर मिळतो आणि विचारणाऱ्याचा आत्मविश्वास वाढतो. पहिला प्रश्न महिलांकडून घेण्याची प्रथा पाडावी. महिलांच्या सभेत ज्या गोष्टी निघाल्या त्या ग्रामसभेच्या आरंभी वाचून दाखवाव्यात, आणि शक्यतो ज्या भगिनीने त्या मांडल्या तिलाच वाचावयास सांगावे. ध्वनिक्षेपक हाती घेणे आणि तो दुसऱ्याच्या हाती देणे, यांतील दुसरी कृती लोकशाहीच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे.

शाळा आणि समारंभ : काही सूचना

शाळेतील व गावातील समारंभांच्या सूत्रसंचालनासाठी पुढील बाबी उपयोगी पडतील.

१. पाहुण्यांचे नाव, पद आणि उच्चार आदल्या दिवशी विचारून लिहून ठेवावेत. चुकीच्या नावाने केलेला सत्कार हा सत्कार राहत नाही. परिचय चार-पाच वाक्यांचा असावा. बिरुदांची माळ टाळावी.

२. वेळेचा हिशोब कागदावर मांडावा. एका सत्काराला दीड मिनिट धरले तरी वीस सत्कारांना अर्धा तास लागतो. सत्कार, प्रास्ताविके आणि मनोगते यांतच वेळ संपून ज्या मुलांसाठी समारंभ आहे त्यांचे नृत्य वा नाटुकले उन्हात किंवा काळोखात ढकलले जाते. मुलांचा भाग आधी ठेवावा.

३. दोन कार्यक्रमांमधील निवेदन थोडके असावे. प्रत्येक वळणावर कवितेच्या ओळी किंवा सुभाषिते पेरण्याचा मोह आवरावा. वक्ता बोलून गेल्यावर त्याच्या भाषणाचा सारांश पुन्हा सांगण्याची आवश्यकता नसते.

४. ध्वनिक्षेपक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरावा. म्हणजे 'प', 'फ', 'भ' या वर्णांच्या वेळी फुंकर ऐकू येत नाही. कर्णे ध्वनिक्षेपकाच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून लावावेत. ते मागे असले की आवाज पुन्हा ध्वनिक्षेपकात शिरतो आणि कानठळ्या बसविणारी शिट्टी वाजते. समारंभापूर्वी अर्धा तास सर्व यंत्रणा तपासावी.

५. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धक वापरण्यास ध्वनिप्रदूषणविषयक नियम, २००० नुसार मनाई आहे, हे आयोजकांनी ध्यानात ठेवून कार्यक्रम आखावा.

६. आपल्या बोलण्याची गती घड्याळ लावून मोजावी. एक मजकूर नेहमीच्या बोलण्याप्रमाणे वाचावा आणि एका मिनिटात किती शब्द झाले ते पाहावे. मोकळ्या मैदानात आवाज घुमतो, म्हणून तेथे गती आणखी कमी ठेवावी.

७. गर्दीत काही अनुचित घडल्यास निवेदकाचा स्वर हाच लोकांचा आधार असतो. अशा वेळी आवाज चढवू नये. कोणी, कोठे आणि काय करावयाचे, एवढेच छोट्या वाक्यांत सांगावे आणि ते पुन:पुन्हा सांगावे. खात्री नसलेली एकही गोष्ट ध्वनिक्षेपकावरून सांगू नये.

८. सूत्रसंचालनाची संधी दरवर्षी त्याच दोन हुशार विद्यार्थ्यांना देऊ नये. वर्षभरात प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एकदा, परिपाठात का होईना, ध्वनिक्षेपकापुढे उभे राहावे अशी व्यवस्था करावी. अडखळणाऱ्याला पूर्ण वाक्य संपवू द्यावे.

समारोप

दूरचित्रवाणीवरील निवेदकाचे जीवन झगमगाटाचे आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याच्या मुळाशी तयारी, संयम, भाषेचे ज्ञान आणि दुसऱ्याविषयीचा आदर या चार गोष्टी असतात. एकवीस वर्षे एकच कार्यक्रम सादर करणाऱ्या तबस्सुम यांचे स्मरण करताना आपल्याला त्यांचे हास्य आठवते. त्या हास्याने समोरच्या माणसाचा संकोच दूर होत असे आणि तो बोलू लागे, हे त्याचे खरे कार्य होते.

आपल्या गावच्या सभेत, शाळेच्या पटांगणात, मेळाव्याच्या मांडवात असे कितीतरी लोक बसलेले असतात, ज्यांच्याजवळ सांगण्यासारखे आहे पण ज्यांना कोणी विचारलेले नाही. त्यांना नावाने हाक मारून, त्यांच्या बोलीचा मान राखून आणि पुरेसा वेळ देऊन बोलते करणे, हे काम आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे. येत्या ग्रामसभेपासूनच त्याचा आरंभ व्हावा.